तिसरा अंक कुणाचा

"वन्समोर कसा घ्यायचा, हे अख्ख्या लांजा तालुक्यात एकाच माणसाला कळतं," मी टेबलावर थाप मारून म्हटलं, "आणि तो माणूस तुमच्यासमोर बसलाय."

कार्यकारिणीचे सगळे सभासद माझ्याकडे बघायला लागले. खजिनदार नेने तेवढे बटाटेवड्याकडे बघत होते.

"दिगंबरा," आमचे अध्यक्ष तात्या मराठे म्हणाले, "मागच्या प्रयोगात वन्समोर कधी आला होता रे?"

"दुसऱ्या अंकात."

"दुसऱ्या अंकात लाइट गेले होते. ते परत आले तेव्हा पोरांनी दिला. वायरमनला."

सगळे हसले. माझा मेहुणा उन्मेष मात्र हसला नाही. दाढीतल्या दाढीत नुसता समजूतदार दिसला. मला ते जास्त झोंबलं.

आमच्या कलाविहार नाट्य मंडळाला त्या वर्षी पंचाहत्तर वर्षं होत होती आणि मे महिन्यात 'संगीत मयूरकंठ' पुन्हा उभं करायचं घाटत होतं. गावातल्याच एका जुन्या हेडमास्तरांनी लिहिलेलं नाटक, गावापुरतं अजरामर. राजपुत्र मयूरकंठ लढाईवर जातो, राजकन्या हेमांगी त्याची वाट बघते, तिसऱ्या अंकात दोघं भेटतात. गोष्ट एवढीच. बाकी सगळी पदं. वीस वर्षं ते मीच बसवत आलो होतो. विमा एजंट म्हणून मी फिरायचो ते पोटासाठी. खरं काम हे.

आणि नेमकं त्याच वर्षी बायकोच्या या धाकट्या भावाला पुण्याहून यायचं सुचलं. पुण्यात त्यानं तीन-चार नाटकं केली होती, सगळी अंधारात. पेपरात त्याचा फोटो आला होता, त्यातही तो अर्धा अंधारात होता. आल्या दिवशी कुमुदनं, म्हणजे बायकोनं, त्याला घावनं केली आणि पहिलं घावन त्याच्या पानात गेलं. वीस वर्षं आमच्या घरात पहिलं घावन माझं असायचं. हे मी कुणाला बोललो नाही, पण लक्षात ठेवलं.

"माझं म्हणणं सोपं आहे," मी सभेत पुढे म्हटलं. "अडतीस पदं आहेत, अडतीस व्हायला हवीत. रंगवलेला राजवाडा, मखमल, धूप, नांदी. नाटक चारला सुरू करायचं आणि लोकांनी जेवायच्या वेळेला घरी जायचं."

"दिगंबरराव, पाच तास लोक बसतात?" उन्मेषनं विचारलं.

"लोक बसायला येत नाहीत. ऐकायला येतात."

"मागच्या खेपेला घोरत होते म्हणे."

"पंखे चांगले आहेत," नेने म्हणाले. पंखे त्यांनी आणले होते.

"तुला काय हवंय ते तरी सांग," तात्या उन्मेषला म्हणाले.

"काळा पडदा. एक स्टूल. दहा पदं. आणि शांतता."

"शांतता!" मी उभाच राहिलो. "संगीत नाटकात शांतता! अरे मग कीर्तनाला टाळ काढून घे आणि लग्नात नवरी!"

"तुम्ही पद म्हणजे कसरत समजता, दिगंबरराव. बेहेरे मास्तर ताना घेतात तेव्हा हेमांगी विंगेत जाऊन चहा पिऊन येते. ती वाट बघतेय हे कुणाला दिसतच नाही."

"ती वाट बघतेय हे पदात लिहिलंय! कानानं ऐकायचं असतं!"

"मला विचाराल तर," नेने म्हणाले, "नाटक करूच नये. सत्यनारायण करावा. प्रसादाला गर्दी होते."

तात्या मराठ्यांनी डोळे मिटले. ते डोळे मिटले की आम्हाला भीती वाटायची. जन्मभर त्यांनी बांधाच्या भांडणात वकिली केली होती आणि प्रत्येक भांडण अर्धं-अर्धं करून मिटवलं होतं. एकदा एका विहिरीचेही दोन भाग केले होते.

"पहिला अंक दिगंबर बसवील," डोळे न उघडता ते म्हणाले. "दुसरा उन्मेष. ज्याच्या अंकाला वन्समोर जास्त, तिसरा अंक त्याच्या पद्धतीनं होईल. आणि सभागृहाच्या दारात अमृतमहोत्सवाची संगमरवरी पाटी लागणार आहे, तिच्यावर दिग्दर्शक म्हणून त्याचंच नाव जाईल. एकच नाव मावतं, मी गवंड्याला विचारलंय."

"म्हणजे तिसरा अंक आम्ही दोन्ही पद्धतींनी पाठ करायचा?" बेहेरे मास्तरांनी घाबरून विचारलं. मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि राजपुत्राचं काम तरुणपणापासून करत होते. "मग मी मखमल घालू की धोतर?"

"दोन्ही घाला. वरचं काढता येईल."

तालमी सुरू झाल्या. माझ्या तालमी शाळेच्या सभागृहात, उन्मेषच्या तात्या मराठ्यांच्या माडीवर, दार लावून. दुसऱ्याच्या तालमीत डोकवायचं नाही असा नियम तात्यांनी घातला होता. दोन्हीकडे जाणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको. मंडळाची पायपेटी कुमुदच वाजवायची. लग्नाआधी ती गायची असं सासरे सांगायचे, पण मंडळाला गाणारे पुष्कळ होते आणि पेटीवाला नव्हता, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तिला पेटीवर बसवलं. व्यवस्था म्हणून ती चोख होती.

"काय करतो काय तो तिथे?" एके सकाळी मी विचारलं.

"तालीम."

"म्हणजे नेमकं काय?"

"ऐकतो."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं. अजून एक घावन घालू?"

घावन मी घेतलं, पण गोड लागलं नाही. ती माडीवरून आली की चेहरा उन्हातून आल्यासारखा दिसायचा. माझ्या तालमीतून यायची ती नुसती यायची. त्यात भर म्हणजे घरी उन्मेष दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन म्हणायचा, "ताई, कालचं फार सुंदर झालं हं." काय सुंदर झालं ते विचारायची मला नियमानं बंदी.

शेवटी मी सखाराम पाल्येला गाठलं. पाल्ये एसटीत कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झालेला. स्टँडवरून त्यानं "साटवली, साटवली" म्हटलं की हायवेवरची माणसं धावत यायची. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी अडकलेली पॉलिसी मी सोडवली होती, तेव्हापासून तो मला देव मानायचा.

"नाटकातला आमाला काय कळत नाय, साहेब," तो म्हणाला.

"कळायची गरज नाही. दहा-बारा माणसं आण. मी डाव्या विंगेत उभा असेन. लाल रुमालानं तोंड पुसलं की वन्समोर म्हणून ओरडायचं."

"येकदा पुसला की येकदा?"

"हो."

"न् दोनदा पुसला की दोनदा."

"बरोबर. पहिल्या अंकानंतर चहा आहे. तो प्यायचा आणि सातच्या गाडीनं घरी जायचं."

"म्हंजे कंडक्टरची घंटी," पाल्ये म्हणाला. "डायवरानं रस्ता बगायचा, प्याशिंजर बगायचे नाय. घंटी वाजली की गाडी सोडायची. समजला. काळजी नको."

त्याच्यासारखा शिस्तीचा माणूस दुसरा नव्हता. मी निर्धास्त झालो.

प्रयोगाच्या दिवशी पत्र्याच्या छपराखाली भट्टी पेटली होती. मुंबईची चाकरमानी मंडळी सुट्टीला आलेली, सभागृह गच्च. तात्या पहिल्या रांगेत उजव्या खिशात सुपाऱ्या भरून बसले होते. मला वन्समोर मिळाला की एक सुपारी डाव्या खिशात जाणार, उन्मेषला मिळाला की मांडीवरच्या टोपीत. पाल्येची माणसं चौथ्या रांगेत, पांढरे सदरे घालून, बारशाला आल्यासारखी. त्यातला एकही माणूस रंगमंचाकडे बघत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

नांदी झाली. मी रुमाल काढला, तोंड पुसलं.

"वन्समोर!"

छपराचा पत्रा थरथरला. पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. नांदी पुन्हा झाली. तात्यांनी एक सुपारी डाव्या खिशात टाकली. मी विंगेतून समोरच्या विंगेत उभ्या उन्मेषकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून शांत उभा. त्याला घामसुद्धा येत नव्हता.

मयूरकंठाच्या पहिल्या पदाला मी दुसऱ्यांदा पुसलं. बेहेरे मास्तर आत धोतर, वर मखमल, त्यावर चिलखत अशा थाटात उभे होते. त्यांनी पद पुन्हा म्हटलं. मी परत पुसलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळेला मास्तर तान सोडून विंगेशी आले आणि मिशीखालून म्हणाले, "दिगंबर, मी लढाईच्या आधीच मरतोय."

तेवढ्यात राजवाड्याचा पडदा बदलायचा होता. दोरी अडकली. राजवाडा एका बाजूनं खाली आला आणि दुसऱ्या बाजूनं लोंबत राहिला. खिडकीतून मोर वाकडा होऊन बघायला लागला. माझ्या कपाळावर खरा घाम फुटला. हात आपोआप रुमालाकडे गेला.

"वन्समोर!"

पडदेवाला प्रामाणिक माणूस. त्यानं राजवाडा वर ओढला आणि पुन्हा तसाच वाकडा सोडला. टाळ्या पडल्या. त्याला चेव आला, आणखी एकदा सोडला.

तात्या आणि नेने यांच्यात ती सुपारी धरायची की नाही यावर बराच वेळ कुजबूज चालली. शेवटी तात्यांनी ती अडकित्त्यानं कातरली, अर्धी खिशात टाकली आणि अर्धी खाल्ली.

अंक संपला तेव्हा तात्यांच्या डाव्या खिशाला फुगवटा होता. टोपी रिकामी. मला पाटीवरची अक्षरं दिसायला लागली. 'दिगंबर सोहोनी' मध्ये जोडाक्षर एकही नाही, संगमरवरात चांगलं उठून दिसलं असतं.

"छान झालं हो, दिगंबरराव," उन्मेष येऊन म्हणाला. "तो पडदा मुद्दाम होता ना? मला फार आवडला."

त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा शोधली. नव्हती. मला त्याचाही राग आला.

मध्यंतरात चहा झाला. घंटा वाजली, दिवे मालवले आणि मी विंगेतून पाहतो तर चौथी रांग पांढरी! पाल्येची सगळी माणसं परत जागेवर बसली होती. मी हातानं खुणा केल्या, जा, जा. पाल्येनं तिथूनच तोंडाभोवती हात धरून, कुजबुजल्यासारखं, म्हणजे गच्चीवर ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, "सातची गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला गेली, साहेब! मे महिना हाय! आमी हतंच हाव, काळजी नको!"

तेवढ्यात पडदा उघडला. मी मनाशी ठरवलं, आता काही झालं तरी रुमाल काढायचा नाही. घाम वाहून डोळ्यांत जाऊ दे, सदऱ्याच्या बाहीनं पुसू. लाल रुमाल मी पँटच्या खिशात तळाशी दाबला.

रंगमंचावर काहीच नव्हतं. काळा पडदा. एका बाजूला स्टुलावर हेमांगीचं काम करणारी शैला, साध्या साडीत, पाठमोरी. मला बरं वाटलं. हे लोकांना आवडणं शक्यच नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सामान अजून यायचंय का?"

आणि मध्यभागी पायपेटी. पायपेटी कायम खाली, पिटात असायची. ती वर आणून ठेवली होती आणि तिच्यामागे कुमुद बसली होती, लोकांकडे तोंड करून. वीस वर्षं विंगेतून मला पेटीवर वाकलेला तिचा अंबाडाच दिसला होता.

हेमांगीचं मोठं पद आलं. 'वात ही जागते कुणासाठी.' माझ्या पद्धतीत हे पद शैला पायऱ्यांवर उभी राहून, तीन दासींच्या मध्ये, आलापीसकट म्हणायची. इथे शैलानं तोंडच उघडलं नाही. ती बसल्या बसल्या नुसती मान वळवून दाराकडे बघायला लागली.

गायला लागली ती कुमुद.

मोठ्यानं नाही. स्वयंपाकघरात एकटंच माणूस गुणगुणतं ना, तेवढंच. पेटी अगदी हळू, आवाज त्याहून हळू. कुठे तान नाही, हरकत नाही. सभागृहात एक पंखा करकरत होता, तो नेन्यांनी स्वतः उठून बंद केला. एवढ्या उकाड्यात कुणी हू की चू केलं नाही. मघाचं मूल तोंड उघडं टाकून बघत होतं. समोरच्या विंगेत उन्मेष डोळे मिटून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की वाटलं, जाऊन त्याच्या कानशिलात द्यावी. गेला महिनाभर हे त्यानं रोज ऐकलं होतं. त्या माडीवर. दार लावून.

पद संपलं. टाळी नाही, वन्समोर नाही. काहीच नाही. सगळे नुसते बसलेले. म्हणजे टोपी रिकामीच होती. दहा पदांतलं मोठं पद रिकामं गेलं होतं, म्हणजे अंक माझा, पाटी माझी. मी आनंदात होतो.

मी रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

"वन्समोर!"

अख्खं सभागृह दचकलं. आणि मग जणू कुणीतरी परवानगी दिली असावी तसं सगळंच उठलं. बाल्कनीतून, दारातून, बायकांच्या रांगांतून, "वन्समोर, वन्समोर!" नेने बाकावर चढले. तात्यांच्या हातातली सुपारी टोपीत पडली.

कुमुदनं डाव्या विंगेकडे पाहिलं. माझ्या हातात लाल रुमाल. ती हसली, अगदी थोडंसं, आणि पुन्हा गायला लागली.

मी रुमाल खिशात कोंबला. पण दुसऱ्या वेळेला ते पहिल्यापेक्षाही वाईट होतं, म्हणजे माझ्या दृष्टीनं. कडव्याच्या शेवटी ती 'कुणासाठी' वर थांबली आणि पुढचा सूर तिनं दिलाच नाही, पेटीनं दिला. खिशात कोंबलेला रुमाल हातात कसा आला मला कळलं नाही.

"वन्समोर!" पाल्ये उभा राहून ओरडला. माझी अवस्था बघून त्याला वाटलं असावं की साहेबांना आज भरपूर हवेत. मी एका हातानं पुसत होतो आणि दुसऱ्या हातानं त्याला थांब, थांब म्हणत होतो. त्यानं दुसऱ्या हाताकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या हाताचं आमचं काही ठरलं नव्हतं.

तात्यांच्या सुपाऱ्या संपल्या. शेवटी शेजारणीच्या पर्समधून त्यांनी बडीशेपेच्या गोळ्या घेऊन टोपीत टाकल्या.

तिसरा अंक उन्मेषच्या पद्धतीनं झाला. बेहेरे मास्तरांनी रंगमंचावरच मखमल उतरवली आणि घामानं चिकटलेल्या धोतरात ते इतके सुटल्यासारखे दिसले की परत आलेल्या राजपुत्राला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. पाटी आठवड्यात लागली. 'दिग्दर्शक: उन्मेष पटवर्धन.' त्यात जोडाक्षरं बरीच आहेत, गवंड्यानं एक चुकवलंय. इतकी वर्षं झाली, ती चूक मी कुणाला दाखवली नाही.

घरी जाताना कुमुद माझ्याबरोबर चालत होती. उन्मेष मागे राहिला होता, लोक त्याला सोडत नव्हते.

"अहो, तुम्ही रडत होतात?"

"घाम होता. पत्र्याचं छप्पर आहे."

"इतक्या वेळा?"

"मे महिना आहे."

तिनं चालता चालता पर्समधून घराची किल्ली काढली. मग म्हणाली, "परवा पाल्ये आले होते, तुम्ही बाहेर गेला होतात. म्हणाले, वहिनी, साहेबांना एवढं विचारून ठेवा, रुमाल नुसता कपाळाला लावला तर धरायचा का पूर्ण तोंड पुसलं तरच?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, लाल दिसला की ओरडा."

मी चालत राहिलो. घराच्या पायरीशी आल्यावर मी म्हटलं, "ते पद उद्या सकाळी एकदा म्हण. उन्मेषनं कुठे चुकवलंय ते मला बघायचंय."

"सकाळी घावनं आहेत."

"घावनं झाल्यावर म्हण."

"पहिलं कुणाला घालू?" तिनं विचारलं आणि कुलूप उघडलं.

त्या पावसाळ्यात तात्या मराठे गेले. सभागृहात शोकसभा झाली, मंडळातर्फे मी बोललो. बोलून झाल्यावर तात्यांच्या फोटोला हार घातला आणि डोळे पुसले. पाल्ये चौथ्या रांगेत बसला होता. ठरलेलं रद्द झाल्याचं त्याला मी सांगितलं नव्हतं. रुमाल लाल होता.